डावऱ्याची वस्ती

बाजाराच्या तोंडाशी, जिन्याच्या पोटात एक दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं तोंड भरून. खरं तर फडताळाएवढी जागा. चावी कापायचं यंत्र, खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या चाव्या, एक स्टूल आणि स्टुलावर मावशी. गिऱ्हाईक जरा अंगाने भरलेलं असलं तर मावशीला श्वास आत ओढून बसावं लागे. सगळा बाजार तिला चावीवाली मावशी म्हणायचा. तिच्या बापाचा धंदा कुलपांचा. त्याला मुलगा झाला तो फार उशिरा, आणि धंदा काही तोवर थांबणार नव्हता, म्हणून कानस मुलीच्या हाती आली ती पंचेचाळीस वर्षं सुटली नाही.

तो उशिरा झालेला मुलगाही पुढे याच धंद्यात आला. त्याला सगळे घुम्या म्हणत, कारण तो दिवसाला दहा शब्द बोलला तर अकरावा उद्यावर टाकायचा. कामाची वाटणी मग आपोआप झाली. दुकानातली कामं मावशीची, कारण गिऱ्हाइकाशी कुणीतरी बोलायला हवं. बाहेरची कामं घुम्याची, कारण कुलपाशी बोलावं लागत नाही. कुठे कुलूप फुटलं की निरोप दुकानात यायचा, घुम्या सायकलला पिशवी अडकवून निघायचा, नवं कुलूप बसवायचा आणि जुनं, मेलेलं कुलूप आणून डब्यात टाकायचा.

हे डबे रंगाचे, रिकामे झालेले, एकूण पाच. एकेका वस्तीचा एकेक. मावशीची शाळा चौथीत सुटलेली, वाचन बेताचं, म्हणून तिच्या नवऱ्याने प्रत्येक डब्यावर चित्र काढून दिलं होतं. टेकडीवरच्या कॉलनीची टेकडी, गिरणीमागच्या गल्ल्यांचं धुराडं, स्टेशनाचं घड्याळ, बाजाराची तागडी आणि पुलापलीकडच्या वस्तीचा पूल. पुलाखाली त्याने एक बदकही काढलं होतं, कुणी सांगितलं नसताना. डबा भरला की मोडीत जायचा. टेकडीचा डबा सात वर्षांत निम्माही झाला नव्हता. पुलाचा डबा वर्षातून दोनदा भरायचा.

यातून मावशीने शास्त्र काढलं. कुलूप कसं मेलं ते ती तोंड बघून सांगायची. म्हातारपणाने मेलेल्या कुलपाचं तोंड गुळगुळीत होतं, दात पडलेल्या माणसासारखं. गंजून मेलेलं फुगतं. आणि ज्याला कुणी मारलं, त्याच्या तोंडाशी ओरखडा असतो. पुलापलीकडून येणाऱ्या प्रत्येक कुलपाला ओरखडा होता. नुसता ओरखडा नाही, डावीकडे कललेला ओरखडा, दरवेळी तोच. मावशीने एक दिवस भिंग लावून सात कुलपं ओळीने मांडली आणि निकाल दिला: पुलापलीकडे एकच चोर आहे, आणि तो डावखुरा आहे.

झालं. बाजाराला काय, तोंडाला चघळायला काहीतरी लागतंच. महिन्याभरात त्याचं नाव डावऱ्या पडलं. कुणी म्हणे उंच आहे, कुणी म्हणे बुटका आहे. कपड्यांच्या दुकानदाराने तर त्याला प्रत्यक्ष पाहिला होता, पाठमोरा. नवं घर बघणारी माणसं एजंटाकडे जायच्या आधी मावशीकडे येऊ लागली. "मावशी, पुलापलीकडे स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?" मावशी बोलायची नाही, नुसता डबा पायाने पुढे सरकवायची. माणसं आत डोकावून चेहरे पाडून परत जायची.

एक एजंट चिडून दुकानाशी आला होता. "मावशी, तुमच्या या डब्याने माझी चार गिऱ्हाइकं पळवली."

"डब्याने नाही हो, डावऱ्याने. त्याच्याकडे जा भांडायला."

"तो सापडला तर तुमच्याकडेच घेऊन येतो."

"या. आधी त्याच्या हाताला कुलूप लावू, मग चहा पाजू."

असं ते चाललं होतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मावशीने ओरखड्यावरून अख्ख्या वस्तीची केली.

आता मावशीच्या नवऱ्याचं. तो एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवायचा. पस्तीस वर्षं त्याने साहेबलोकांना वरखाली नेलं, आणि स्वतः राहिला तो बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. त्याला स्वतःलाच याचं हसू यायचं. "देवाने माझ्या वाट्याच्या सगळ्या लिफ्ट कचेरीत वापरून टाकल्या," म्हणायचा. निवृत्त झाला तसे त्याचे गुडघे गेले, मागोमाग दम लागायला लागला. तेव्हा त्याने पुलापलीकडे एक तळमजल्याचं घर बघून ठेवलं.

"दार उघडलं की रस्ता," तो म्हणाला. "एक पायरी, बस."

"दार उघडलं की रस्ता, आणि दार फोडलं की डावऱ्या."

तो हसला. लेक मात्र तेव्हा बापाच्या बाजूने उभी राहिली होती. "आई, बाबांचे गुडघे बघ जरा."

"गुडघ्याने माणूस मरत नाही. सुऱ्याने मरतो."

हे वाक्य मावशीचं. तिला ते शब्दन् शब्द आठवत होतं. पुढे नवऱ्याने अजून एकदाच विचारलं, नंतर विषय काढला नाही. चार वर्षं तो कठड्याला धरून चढला-उतरला, शेवटची दोन वर्षं खाली आलाच नाही. खिडकीत बसून रस्ता बघायचा. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेची माणसं त्याला खुर्चीत बसवून चार मजले उतरवत होती, जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकत होती, त्यात वेळ गेला. वेळ गेला म्हणून तो गेला की जायचाच होता, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि मावशीने विचारलं नाही.

पाचव्या दिवशी तिने दुकान उघडलं. माणसं सांत्वनाला येत, ती त्यांच्याशी बोले, चाव्या कापे, घरी जाऊन जेवण करी. रडू मात्र आलं नव्हतं. कधी येईल सांगता येत नाही म्हणून ती एक रुमाल कमरेला खोचून ठेवायची, तो कोरडाच धुवून धुवून विरला. दात काढताना डॉक्टर सुई देतात, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच वाटायचं. दुखत नव्हतं. कळत मात्र सगळं होतं.

अशात लेकीच्या घरी चोरी झाली. स्टेशनाजवळचं भाड्याचं घर, दाराला खुद्द मावशीच्या हातचं कुलूप, शहरात तसं दुसरं नव्हतं. चोर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आला. गेलं फारसं काही नाही. पण जाताना तो दूध प्यायला होता आणि ग्लास विसळून पालथा घालून गेला होता. लेकीला त्या ग्लासाचीच धास्ती बसली. जावई लांबच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात ही आणि आठ वर्षांची नात. लेक संध्याकाळ झाली की दाराला कपाट लावायची. नात न्हाणीघरात जाताना आईला दाराशी उभं करायची, आणि आतून विचारत राहायची, "आहेस ना?"

तीन महिने लेकीने घरं बघितली. शेवटी दोन उरली. एक टेकडीवरच्या कॉलनीत: भिंत, फाटक, फाटकावर माणूस, माणसावर कॅमेरा. दोनच खोल्या, मागच्या अंगाला, नातीची शाळा दोन बस बदलून. दुसरं पुलापलीकडे, तळमजला, तीन खोल्या, शाळा हाकेच्या अंतरावर. मन दुसऱ्यावर होतं. पण ती त्या डब्यांच्या सावलीत वाढलेली.

"घरमालकाला रविवारपर्यंत सांगायचंय," लेक म्हणाली. "तू एकदा येऊन दारं-खिडक्या बघ. तू म्हणशील तसं करते. नाही म्हणालीस तर टेकडी."

आठ महिन्यांपूर्वीची मावशी म्हणाली असती, त्यात बघायचं काय, डबा बघ. पण आता तिला हो म्हणायला जेवढं लागत होतं तेवढंच नाही म्हणायला लागत होतं. ती म्हणाली, "चल."

पंचेचाळीस वर्षांत मावशी पुलापलीकडे गेली नव्हती. बाहेरची कामं घुम्याची ना.

बैठी घरं एका ओळीत होती, समोर रस्ता, मागे नदी. बऱ्याच घरांची दारं सताड उघडी. एका उंबऱ्यात बाई तांदूळ निवडत बसली होती आणि तिच्या मागे घरात कुणीच नव्हतं. मावशीने रिकाम्या घराच्या खिडक्यांचे गज हलवून पाहिले, बिजागऱ्या पाहिल्या, कडी ओढून पाहिली. दाराला लॅच होतं, ओढलं की आपोआप लागणारं, हलक्यातलं हलकं. मागच्या नळाला पाणी येतं का बघायला दोघी पुढच्या दारानेच वळसा घालून गेल्या, मागे दार नव्हतं. तेवढ्यात नदीवरून वारा आला आणि पुढचं दार धाडकन लागलं. चावी आत, ओट्यावर. लेकीची पिशवीही आत.

"आता?" लेक म्हणाली. "तुझी हत्यारं?"

"दुकानात."

"शाबास. चावीवालीच कुलपाबाहेर." लेक तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली. "थांब इथेच, मालकाकडून दुसरी चावी आणते."

ती कोपऱ्यावरून वळली तशी शेजारच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. कंबरेत वाकलेली, हात पिठाने भरलेले. मावशीकडे बघून म्हणाली, "लागलं का? नवीन माणसाला वारा आधी नमस्कार करतो." आत जाऊन तिने एक स्क्रूड्रायव्हर आणला. मूठ चिंध्यांनी गुंडाळलेली. तो तिने लॅचच्या तोंडात खुपसला आणि कोपर उचलून पिळला. कट् झालं. दार उघडलं.

मावशी बघत होती. म्हातारीने पिळलं ते डाव्या हाताने.

ती पुढे झाली, लॅचवर बोट फिरवलं. ओरखडा डावीकडे कललेला. अजून गरम होता.

"हे तुम्ही नेहमी उघडता?" मावशीने विचारलं.

"वीस-बावीस वर्षं झाली. सगळ्या ओळीचं मीच उघडते, मागच्या गल्लीतूनही हाका येतात. आमच्या इथे कुणाला चावी घेऊन बाहेर पडायची सवयच नाही बघा. शेजारी गेलं, गप्पांत बसलं, की वारा आपलं काम करतो. मग मी माझं."

"आणि कुलूप?"

"ते काय, मोडतं. मग बाजारातून एक मुका माणूस येतो सायकलवर, नवं बसवून जातो. गुणी आहे. चहा दिला की पितो, मान हलवतो. बोलता येत नाही बिचाऱ्याला."

मावशीने बोट पदराला पुसलं. म्हणाली, "चांगलं, मजबूत कुलूप का नाही बसवून घेत?"

"अगं बाई, मजबूत बसवलं तर मी उघडू कशी?"

"चोर?"

"कुठले?" म्हातारीने मागे वळून बघितलं, जणू मावशीला कुणी दिसलंच आहे. मग आठवून आठवून म्हणाली, "एकदा कुणाची तरी कोंबडी गेली होती. फार बोभाटा झाला. आठ दिवसांनी आपली आपण आली, नवरा घेऊन."

लेक चावी घेऊन आली तेव्हा म्हातारी पीठ मळायला परत गेली होती. दार उघडं बघून लेक म्हणाली, "हे कसं उघडलं?"

"उघडलं."

"मग? काय वाटतं तुला?"

"शनिवारी घरी ये. सांगते."

दुसऱ्या दिवशी घुम्या दुकानाच्या पायरीवर बसून कुलपाला तेल घालत होता. मावशी आत चावी घासत होती. कानस न थांबवता तिने विचारलं, "पुलापलीकडे चोऱ्या होतात का रे?"

"नाही."

"कधी झाल्या?"

"नाही."

"मग सगळा बाजार डावऱ्या डावऱ्या करतो ते?"

घुम्याने मान वर केली. "तो स्टेशनाकडचा ना?"

"तो पुलाकडचा! माझा! मीच नाही का शोधून काढला?"

"तिकडे एक म्हातारी आहे," घुम्या म्हणाला. "ती डावखुरी आहे."

"ते बघितलं मी काल. बावीस वर्षांत तुला हे सांगावंसं वाटलं नाही?"

"तू विचारलं नाहीस, ताई." तेलाचं बुधलं खाली ठेवून तो थांबला. त्या दिवसाचे त्याचे शब्द केव्हाच संपले होते, तरी अजून काही यायचं होतं. "भाऊजींनी विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"हेच. ते घर बघितलं तेव्हा. मी सांगितलं, चोर नाहीत, वारा आहे."

मावशीची कानस थांबली. "मग ते मला का नाही बोलले?"

"मी म्हटलं, ताईला सांगू का. ते म्हणाले, राहू दे. तिला दुकान सोडून लांब जायचं नाही. चोराचं निमित्त करतेय, करू दे."

यावर घुम्या उठला आणि सायकल पुसायला लागला. सायकल स्वच्छच होती.

मावशी बसून राहिली. म्हणजे त्याला माहीत होतं. चोर नाही हे माहीत होतं, आणि बायकोला गुडघ्यांपेक्षा दुकान प्यारं आहे असं समजून तो कठड्याला धरून चढत होता, आणि हसत होता. आणि ती खरोखरच भीत होती. तिला रात्री तो डावऱ्या दिसायचा, बुटका. आता यावर माणसाने ऊर बडवावा, डोकं आपटावं. मावशीने वाट बघितली. काही आलं नाही. तिने हातातली चावी उजेडात धरली, एक दात जरा जाड होता, तो घासला. चावी बरोबर आली. गिऱ्हाईक घेऊन गेलं.

तिने ठरवलं, आता बोलायचंच नाही. झाकली मूठ. रविवार जाईल, लेक टेकडीवर जाईल, भिंतीआड सुखाने राहील. नवराही काही विचारायला परत येणार नाही.

त्याच दुपारी एक नवरा-बायको आले. बाईचे दिवस भरत आलेले, तिला स्टूल दिलं आणि मावशी उभी राहिली.

"मावशी, पुलापलीकडे घर बघितलंय. कशी आहे हो वस्ती?"

मावशीने डब्याला पाय लावला नाही. म्हणाली, "मला नाही माहीत."

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. "तुम्हाला नाही माहीत?"

"नाही. तिथे राहणाऱ्यांना विचारा."

दोघं निघाले. दुकान जिन्याखाली, बाहेर पुटपुटलेलंही आत घुमतं. बाई म्हणत होती, "ऐकलंस? मावशीसुद्धा बोलायला तयार नाही. काहीतरी भयंकर झालं असणार तिथे."

"नकोच मग," नवरा म्हणाला. "चौथ्या मजल्यावरचं घेऊ. सुरक्षित तरी आहे."

मावशी स्टुलावर बसली. बाईच्या अंगाची ऊब अजून स्टुलाला होती. गप्प बसणंसुद्धा उत्तरच असतं, आणि बोलण्यापेक्षा वाईट असतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. ती उठून बाहेर गेली, पण ते दोघं गर्दीत कुठल्या कुठे गेले होते. तिने कोपऱ्यापर्यंत जाऊन बघितलं. मग परत आली.

शनिवारी दुपारी लेक चार मजले चढून आली. नातीला शेजाऱ्यांकडे ठेवून आली होती. मावशीने चहाचं आधण ठेवलं आणि दोघी टेबलाशी बसल्या.

"सांग," लेक म्हणाली. "टेकडी ना?"

"पुलापलीकडचं चांगलं आहे. तिथे चोर नाहीत."

"नाहीत? आणि डावऱ्या?"

मावशीने सांगितलं. वारा, म्हातारी, चिंध्यांची मूठ, घुम्या. सगळं ओळीने, एकाच आवाजात, दुकानातली चावी कुठल्या खिळ्याला आहे ते सांगावं तसं. लेक आधी हसली, म्हातारीपाशी तर चांगलीच हसली. मग तिचं हसू तिथेच राहिलं, तोंडावर, काढायचं विसरल्यासारखं.

"म्हणजे बाबा उगीचच..."

"हो."

"हो काय, आई?"

"उगीचच."

लेक टेबलाच्या कडेला धरून बसली. "त्यांना कळलं नाही हे तरी बरं झालं."

इथे गप्प बसता आलं असतं. लेकीनेच दार लोटून दिलं होतं, मावशीने फक्त ते लागू द्यायचं होतं. पण तिच्या डोळ्यासमोर ते दिवस भरलेलं पोट आणि चौथा मजला आला.

"कळलं होतं," ती म्हणाली. "मामाने सांगितलं होतं त्यांना. त्यांना वाटलं, मला दुकान सोडायचं नाही म्हणून मी चोराचं निमित्त करते."

"आणि तू?"

"मी खरंच घाबरत होते."

लेक उठली. पिशवी घेतली, दारापर्यंत गेली, परत वळली. "बावीस वर्षं कुलपांची तोंडं बघत बसलीस तू! आणि समोर बसलेल्या माणसाचं?" उत्तराला थांबली नाही. दार उघडंच टाकून खाली गेली.

मावशी तिची पावलं ऐकत होती. तिसरा मजला, दुसरा. मग पावलं थांबली. वर येईनात, खालीही जाईनात. मावशीने जरा वाट बघितली, गॅस बारीक केला आणि कठड्याला धरून उतरायला लागली. तिचेही गुडघे आता काही नवे नव्हते.

लेक दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली होती, तोंड भिंतीकडे. मावशी तिच्या वरच्या पायरीवर बसली. कुणाच्या तरी घरात नळ गळत होता.

"तुला काहीच वाटत नाही का गं आई?" लेक भिंतीशीच बोलली. "बाबा गेले तेव्हाही तू चाव्याच कापत होतीस. आज हे सगळं सांगितलंस तेही तसंच."

"वाटायला हवं, एवढं कळतं मला. अजून वाटत नाही. वाटलं की तुला सांगेन."

लेकीने नाक पुसलं. हे ऐकून ती चिडेल असं मावशीला वाटलं होतं, पण ती नुसती मागे सरकली आणि तिची पाठ मावशीच्या गुडघ्यांना टेकली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची बाई दोन्ही हातांत भाज्या घेऊन धापा टाकत वर आली. "काय गं मायलेकींनो, चावीवालीचीच चावी हरवली की काय?" दोघींना उठून भिंतीला चिकटावं लागलं. ती गेल्यावर परत बसायला जरा अवघड वाटलं, म्हणून उभ्याच राहिल्या.

"उद्या मालकाला हो सांगते," लेक म्हणाली.

"माझ्या सांगण्यावरून सांगू नकोस. माझं सांगणं कसं असतं ते बघितलंस."

"मग कुणाच्या?"

"आज अजून उजेड आहे. पोरीला घे आणि तिथे जाऊन बस. म्हातारीला विचार, तांदूळ निवडणाऱ्या बाईला विचार, तिथल्या शाळेत जाणाऱ्या पोरांना विचार. तुझी पोर तिथल्या न्हाणीघरात एकटी जाते का बघ. मग काय ते ठरव."

लेकीने पिशवी खांद्यावर नीट घेतली. दोन पायऱ्या उतरली. वर न बघता म्हणाली, "तू येतेस?"

मावशीने मनात शोधून बघितलं, जावंसं वाटतंय की नाही. काही सापडलं नाही. तशीही ती एकदा गेलीच होती, आणि पाय चालत होते.

"येते," ती म्हणाली. "वरचा गॅस बंद करून येते. थांब."

"थांबते," लेक म्हणाली, आणि मावशी परत दोन मजले चढायला लागली.